केमोथेरपी आणि हृदयाचं खातं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. छपाईसाठी काही वाक्यं नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



कमिटीने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी ठेवी, नॉमिनेशन आणि लॉकर यांवर बोलावं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! मी सेक्रेटरींना म्हटलं, नॉमिनेशनवर मी लिफ्टमध्येसुद्धा बोलतो, त्यासाठी हॉल आणि माईक कशाला? पण आपल्या तीन विंगमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत अकरा घरांत कॅन्सर येऊन गेला. काही घरांत माणूस बरा झाला, काही घरांत नाही झाला. या सगळ्या घरांत केमोथेरपीच्या वेळी केसांची चर्चा झाली, उलट्यांची झाली, खर्चाची तर झालीच झाली. हृदयाची चर्चा मात्र फार थोड्या घरांत झाली. म्हणून आज हा विषय.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे. सौ.च्या आजारपणात डॉक्टरांना प्रश्न विचारले, घरी येऊन वाचलं, टिपणं काढली. आजचा मजकूर सी विंगच्या डॉक्टर मॅडमनी तपासून दिला आहे. तरीही औषधाचा निर्णय माझ्या भाषणावरून कुणी घेऊ नये. आणि दुसरी गोष्ट आधीच सांगतो. हे ऐकून ‘मग केमो नकोच’ असं कुणीही म्हणू नये. केमोमुळे माणसं जगतात. पहिल्या रांगेत आमची सौ. बसली आहे, ती त्याचा पुरावा आहे. (तिने आत्ता मान हलवली. घरी एवढ्या लवकर हलवत नाही.)

आता मूळ औषधाची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या परळपासून सुरू करता येते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल बांधलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेच आपलं टाटा हॉस्पिटल. मुलुंडहून स्लो लोकल पकडून परळला उतरायचं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. पण ज्या रोगाने मेहेरबाई गेल्या, त्या रोगावर चालणारं एक मोठं औषध सापडायला त्यानंतर आणखी तीस वर्षं लागली. ते सापडलं कुठे? इटलीत, एका तेराव्या शतकातल्या किल्ल्याजवळच्या मातीत. त्या मातीतला एक जंतू लाल रंगाचं द्रव्य बनवत होता. टीबीचं स्ट्रेप्टोमायसीन ज्या कुळातून आलं, त्याच स्ट्रेप्टोमायसिस कुळातला हा जंतू. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही शास्त्रज्ञांनी याच कुळातल्या एका जंतूपासून बुरशीवरचं हामायसीन शोधलं आणि त्या जंतूला पिंपरीचंच नाव दिलं. मातीला आपण उगाच माती म्हणतो.

तर इटलीतल्या त्या लाल द्रव्यातून आधी डॉनोरुबिसिन आणि मग डॉक्सोरुबिसिन ही औषधं आली. दुसऱ्याला एड्रियामायसीन असंही म्हणतात, एड्रियाटिक समुद्रावरून. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, लहान मुलांचे कॅन्सर, अशा कितीतरी ठिकाणी आजही ती वापरतात. ज्यांनी घेतलं आहे त्यांना तो नळीतून उतरणारा लाल रंग आठवत असेल. दुसऱ्या दिवशी लघवीही लालसर होते आणि घरचे घाबरतात. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो.

पण साठच्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं की कॅन्सरमधून सावरलेले काही रुग्ण हृदय थकून जात आहेत. कारण असं. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते. केस वेगाने वाढतात म्हणून केस गळतात, पण ते परत येतात. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी जवळजवळ वाढतच नाहीत. जन्माला येताना जे भांडवल मिळालं, त्यावरच आयुष्यभर धंदा करायचा. हे लाल औषध पेशीतल्या लोहाशी मिळून अशी रसायनं तयार करतं की त्यांनी स्नायू आतून झिजतो, शिवाय ते पेशीच्या डीएनएचीही मोडतोड करतं. गेलेली पेशी परत येत नाही. केस गेलेले साऱ्या विंगला दिसतात, हे कुणालाच दिसत नाही.

म्हणून या औषधाला आयुष्यभराची मर्यादा आहे. आम्ही बँकेत ओव्हरड्राफ्टची मर्यादा ठरवायचो, तशीच. फरक एवढाच की ओव्हरड्राफ्ट फेडला की मर्यादा परत मोकळी होते, इथे तसं नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेला डोससुद्धा खात्यात उभाच राहतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन गेलं, तर शंभरातल्या सुमारे ५ जणांचं हृदय कमकुवत झालं. ५५० ला २६ जणांचं. ७०० ला ४८ जणांचं. म्हणजे हे सरळ व्याज नाही, एका टप्प्यानंतर चक्रवाढ लागते. आणि ४०० च्या खालीही धोका शून्य नसतो. वय जास्त असेल, बीपी किंवा डायबेटिस असेल, आधीच हृदयाचा त्रास असेल, डाव्या छातीवर रेडिएशन झालं असेल, तर कमी डोसलाही त्रास होऊ शकतो.

आता हे चौरस मीटर म्हणजे काय, असं ए विंगच्या आजोबांनी मला आधीच विचारलंय. कार्पेट की बिल्टअप, हाही प्रश्न त्यांचाच! हे आपल्या कातडीचं क्षेत्रफळ. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, दोन्हींचा गुणाकार, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. उंची १५० आणि वजन ५४ असेल तर उत्तर बरोबर दीड येतं.

हा दीडचा आकडा मी उगाच निवडलेला नाही. बी विंगमधल्या एका वहिनींचा तो आकडा होता. त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगतोय. वहिनींना २००७ साली स्तनाचा कॅन्सर झाला होता. एका खाजगी नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, सहा वेळा केमो झाली, त्या बऱ्या झाल्या. २०१३ मध्ये आजार हाडांत परत आला. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आधी डॉक्सोरुबिसिन एकूण किती मिळालं?” डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘केमोथेरपीच्या सहा सायकल पूर्ण, रुग्णाची प्रकृती समाधानकारक’. बस्स. औषधांची नावं नाहीत, आकडे नाहीत. ते नर्सिंग होम तोवर बंद झालं होतं. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे.

वहिनींचे यजमान माझ्याकडे आले ते एक चपलांचा खोका घेऊन. त्यांची एक सवय मला फार आवडायची, कुठलंही बिल ते फेकत नसत. खोक्यात केमिस्टची बिलं होती, काही शाई उडालेली. दोन संध्याकाळ आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून ती तारखेप्रमाणे लावली. सहा तारखा सापडल्या. पाच बिलांवर डॉक्सोरुबिसिनची ५० मिलिग्रॅमची एक बाटली आणि १० च्या तीन, म्हणजे ८० मिलिग्रॅम. चौथ्या बिलावर ५० च्या दोन बाटल्या, म्हणजे १००. मी आधी गोंधळलो. त्या दिवशी डोस वाढवला की काय? मग बिलाच्या मागे पेनने लिहिलेलं दिसलं, ‘१० वाली नाही’. केमिस्टकडे छोटी बाटली संपली होती, एवढंच. एका तारखेचा नर्सचा कागदही खोक्यात निघाला, त्यावर ७५ मिलिग्रॅम दिल्याची नोंद होती. ७५ भागिले दीड, म्हणजे ५०. डॉक्टर म्हणाले, या आजारात दर वेळी चौरस मीटरला ५० हा ठरलेला डोस असतो, तेव्हा हिशेब जुळतोय.

सहा वेळा ५० म्हणजे ३००. पण विकत घेतलेलं सगळं औषध शरीरात गेलं असं धरलं तर ५०० मिलिग्रॅम, भागिले दीड, म्हणजे ३३३. डॉक्टरांना मी दोन्ही आकडे दिले. ते म्हणाले, “मोठा आकडा धरू.” बँकेत आम्ही बुडीत कर्जाची तरतूद करताना हेच करायचो. मला त्या माणसाबद्दल तिथेच आदर वाटला.

त्या हिशेबाचा उपयोग काय झाला? ४५० ची मर्यादा धरली तर खात्यात थोडीच शिल्लक होती. ती लगेच खर्च न करता डॉक्टरांनी आधी दुसऱ्या जातीची औषधं वापरली. दीड वर्षाने ती चालेनाशी झाली, तेव्हा इको काढून लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन दिलं. हे तेच औषध, पण चरबीच्या सूक्ष्म कुपीत भरलेलं. कुपी मोठी असल्याने निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून ती सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे हृदयात कमी औषध जातं आणि गाठीच्या गळक्या वाहिन्यांतून गाठीत जास्त जातं. हे औषध अमेरिकेत १९९५ साली आलं. २०११-१२ मध्ये तिकडे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकन सरकारने आपल्या मुंबईच्या सन फार्माचं औषध मागवायला परवानगी दिली. त्या वेळी कंपनीचं ऑफिस अंधेरी-कुर्ला रोडला होतं. ही बातमी मी तेव्हा पेपरात वाचून सोडून दिली होती. आपल्या बिल्डिंगशी तिचा कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

वहिनी आजार परतल्यानंतर चार वर्षं जगल्या. मुलीचं लग्न त्यांनी उभं राहून केलं, गणपतीत आपल्या मोदकांच्या बायकांत त्या होत्या. त्या गेल्या त्या कॅन्सरनेच. पण दम लागून, पायाला सूज येऊन, तीन उशांना टेकून रात्र काढायची वेळ त्यांच्यावर आली नाही. यजमानांनी तो खोका अजून ठेवला आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. सौ.ला २०१५ मध्ये निदान झालं, डावा स्तन. आधी लाल औषधाचे चार डोस, प्रत्येकी चौरस मीटरला ६०, एकूण २४०. त्यानंतर दुसरं औषध आणि त्याच्याबरोबर ट्रॅस्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. ज्यांच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं त्यांना हे देतात. अमेरिकेत १९९८ साली हे आलं आणि या जातीच्या कॅन्सरचं चित्रच पालटलं. पण हर-टूची गरज हृदयाच्या पेशीलाही असते, ताण आला की सावरण्यासाठी. ते बंद केलं की हृदय थोडं ढेपाळतं. सुरुवातीच्या अभ्यासात लाल औषध आणि हे एकाच वेळी दिलं, तेव्हा १०० पैकी २७ जणींना हृदयाचा त्रास झाला. तेव्हापासून दोन्ही एका वेळी सहसा देत नाहीत, एकामागून एक देतात. यातली चांगली बाजू अशी की या औषधाने झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येतं. लाल औषधाने भांडवलच जातं, याने खातं काही काळ गोठतं.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्या केमोच्या आधीच इको काढायला लावला होता. इकोत ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ नावाचा आकडा येतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं शेकडा किती एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, ते. ते शंभर टक्के कुणाचंच नसतं. ५५ ते ७० म्हणजे उत्तम. मागे आपल्या कट्ट्यावर एकांचा रिपोर्ट ५८ आला, तर ते म्हणाले, “म्हणजे फर्स्ट क्लास हुकला!” नाही हो, ५८ म्हणजे पास, आणि चांगल्या मार्कांनी पास.

सौ.चा पहिला आकडा ६२. लाल औषधानंतर ५९. ट्रॅस्टुझुमॅबला तीन महिने झाल्यावरच्या इकोत आला ४८. आता ऐका, त्या दिवशी लिफ्टची दुरुस्ती चालू होती आणि ही पिशवी घेऊन चौथा मजला चढून आली होती. दम नाही, सूज नाही, काही नाही. मी तिला विचारलं, काही होतंय का? म्हणाली, भूक लागलीय. हे मी मुद्दाम सांगतोय. आकडा घसरला होता आणि शरीराने एक शब्द सांगितला नव्हता. इको ठरलेल्या तारखेला काढला म्हणून कळलं. आकडा १० गुणांपेक्षा जास्त घसरून ५० च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात. त्यांनी ट्रॅस्टुझुमॅब थांबवलं आणि हृदयतज्ज्ञांनी दोन गोळ्या सुरू केल्या, एनालाप्रिल आणि कार्व्हेडिलॉल. बीपीवाल्यांना ही नावं ओळखीची असतील. सात आठवड्यांनी आकडा ५५ झाला, औषध पुन्हा सुरू झालं, आणि दर सहा आठवड्यांनी इको काढत वर्षाचा कोर्स पुरा झाला. आज तिचा आकडा ५९ आहे आणि त्यातली एक गोळी चालू आहे.

ते सात आठवडे मात्र मी विसरणार नाही. एका बाजूला हृदय, दुसऱ्या बाजूला कॅन्सरचं औषध बंद. रात्री मी कॅलेंडरकडे बघत बसायचो. कॅन्सरचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलत होते, एवढाच काय तो आधार. तुमचे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील, तर एकाचा कागद दुसऱ्यासमोर ठेवायचं काम घरच्या माणसाने करायचं.

वेळेचं महत्त्व किती, तर मिलानच्या डॉ. कार्डिनाले यांनी २०१० मध्ये २०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाल औषधाने हृदय कमकुवत झालेले हे रुग्ण. केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत ज्यांचे हृदयाचे उपचार सुरू झाले, त्यांच्यातले ६४ टक्के पूर्ण सावरले. सहा महिन्यांनंतर सुरू केले, त्यांच्यात पूर्ण सावरलेला एकही नव्हता. गोळ्या त्याच होत्या. महागड्या नाहीत, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात.

हृदय आधीच वाचवायचे उपाय आहेत का? आहेत, पण डॉक्टरांच्या हातात. औषध सावकाश सोडणं, लायपोसोमल वापरणं, किंवा जास्त डोस द्यावा लागणार असेल तर आधी डेक्सराझोक्सेन नावाचं इंजेक्शन, जे लोहाला पकडून ठेवतं. कोलेस्टेरॉलच्या अटोरव्हास्टॅटिनचाही प्रयोग झाला. लिम्फोमाच्या ३०० रुग्णांत २०२३ मध्ये फायदा दिसला, स्तनाच्या कॅन्सरवरच्या त्याआधीच्या अभ्यासात दिसला नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नका. अर्जुनारिष्ट, काढे, ‘हृदयासाठी एकदम नॅचरल’ म्हणून फॉरवर्ड होणारी चूर्णं, हेही केमो चालू असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. आपल्या ग्रुपवर असं काही आलं की मी हल्ली उत्तर देत नाही, सरळ डिलीट करतो. आपल्या हातात काय आहे? बीपी, साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू-सिगारेट बंद, आणि झेपेल तेवढं चालणं. सौ. केमोच्या काळातही कंपाउंडला फेऱ्या मारायची. वॉचमन मोजायचा.

आणि लक्षणं. झोपल्यावर दम लागतो, बसल्यावर बरं वाटतं. रात्री कोरडा खोकला. घोट्यावर सूज. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं. छातीत धडधड. यातलं काही झालं तर ‘केमोचा थकवा असेल’ किंवा ‘वय झालं’ म्हणू नका, त्याच दिवशी फोन करा. कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या घरी घेतात, आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरला. त्या किंवा फाइव्ह-एफयूचं सलाईन चालू असताना छातीत दुखलं, तर हृदयाच्या वाहिनीला पीळ पडलेला असू शकतो. गोळी लगेच थांबवा आणि हॉस्पिटल गाठा. अॅसिडिटी समजून सोडा पिऊ नका.

मागच्या खुर्च्यांवरच्या तरुण मंडळींसाठी आता दोन मिनिटं. आपल्या सोसायटीत एक मुलगा आहे, नाव-विंग सांगत नाही. सहा वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर झाला आणि तो पूर्ण बरा झाला. आता तो तिशीला आला, नोकरी चांगली आहे, मॅरेथॉन पळायची म्हणतो. एकदा मला गेटवर म्हणाला, “काका, ती गोष्ट संपली आता.” मी म्हटलं, आजार संपला, पण तुझ्या खात्यावरची नोंद संपलेली नाही. लहानपणी घेतलेल्या या औषधाचा परिणाम कधीकधी वीस-वीस वर्षांनी दिसतो. टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ सालापासून ‘एसीटी क्लिनिक’ चालतं, उपचार संपलेल्या मुलांसाठी. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी ते सुरू केलं. बरी झालेली मुलं मोठी झाल्यावरही तिथे येत राहतात. हा कॉलेजला गेला आणि यायचा बंद झाला होता. २६ जुलैच्या पुरात त्यांच्या जुन्या घरातली फाईल गेली होती. पण केस नंबर आईला पाठ होता! तो परत गेला, इको झाला, व्यवस्थित आला. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली आणि पुढची तारीखही दिली. डोस किती मिळाला त्यावर अशा मुलांना दर दोन किंवा पाच वर्षांनी इको लागतो. मुलगी असेल तर गरोदरपणाच्या आधी आणि सुरुवातीला जरूर काढायचा, कारण त्या नऊ महिन्यांत हृदयावर जास्त भार येतो. लग्न ठरवताना ही गोष्ट लपवायची पद्धत आहे आपल्याकडे. निदान स्त्रीरोगतज्ज्ञांपासून तरी लपवू नका.

आपल्या बिल्डिंगचं आपण काय करतो? पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. बाहेरून रंग ताजा असला तरी. मागच्या ऑडिटच्या खर्चावरून जनरल बॉडीत किती आवाज झाला ते मला आठवतंय, इकोला त्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत.

शेवटी कागद. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायचं बंधन आहे. तुम्हाला ती वीस वर्षांनी लागणार. त्याच नियमांत असंही आहे की रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची. तेव्हा उपचार चालू असतानाच मागा, संकोच करू नका. मी एक तक्ता तयार केला आहे. त्यात रकाने असे आहेत: तारीख, औषधाचं नाव, त्या दिवशीचे मिलिग्रॅम, त्या दिवशीची उंची-वजन, चौरस मीटरला किती, आजवरचं एकूण, रेडिएशन झालं असेल तर कुठल्या बाजूला, आणि शेवटच्या रकान्यात इकोची तारीख आणि आकडा. प्रत्येक केमोनंतर नर्सला विचारून भरायचा. डे-केअरमधल्या सिस्टर फार कामात असतात, पण ‘सिस्टर, आजचे मिलिग्रॅम फक्त सांगा’ म्हटलं की सांगतात, हा माझा अनुभव आहे. इको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर काढायचा, नाहीतर मशीनच्या फरकाला आपण हृदयाचा फरक समजतो. तक्त्याचा एक फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये, आणि कागद प्लॅस्टिकच्या फाईलीत, वरच्या फळीवर. मुंबईत खालच्या फळीवर कागद ठेवायचे नसतात.

तक्त्याच्या पन्नास झेरॉक्स सोसायटी ऑफिसात ठेवल्या आहेत. मोठ्या अक्षरातल्या वेगळ्या आहेत, त्या चष्मेवाल्यांनी घ्याव्यात. भरताना अडलं तर संध्याकाळी सहा ते सात मी कट्ट्यावर असतो. बिलांचे खोके आणले तरी चालतील. माझ्यानंतर मुलांचं नृत्य आहे आणि ती मघापासून विंगेत घुंगरू वाजवतायत, तेव्हा मी माईक सोडतो. नमस्कार.